दोन लिंबांची तलवार

माझ्या धाकट्या जावेला तलवार धरता येत नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण टोकावड्यापासून मुरबाडपर्यंत लोक तिला 'तलवारवाली' म्हणतात, आणि मी मात्र नुसती चंदरची बायको.

तिचं नाव पूजा, माहेर आसनगावचं. घरात तीन भाऊ. थोरला चंदर, तो माझा नवरा. मधला ओमकार, तो पूजाचा. आणि सगळ्यांत धाकटा संदेश, ज्याच्या लग्नात हे सगळं घडलं. घर टोकावड्याच्या जरा अलीकडे, माळशेजच्या रस्त्यालगत. घरात शब्द चालतो तो आमच्या सासूबाईंचा, म्हणजे सकुबाईंचा. त्या फार बोलत नाहीत, पण बोलल्या की त्यावर कुणी काही म्हणत नाही.

पूजा लग्नाआधी कल्याणला एका मंडप सजावटवाल्याकडे कामाला जायची. तिथं थर्माकोलचे हत्ती आणि राजवाड्याचे खांब कापता कापता तिला फोमच्या जाड पट्ट्यांपासून हवी ती वस्तू बनवायचा नाद लागला. आता शहरात म्हणे मोठाली शिकलेली पोरं मोबाइलवरच्या खेळांतले राक्षस आणि राजकुमार बनून जमतात. अंगावर चिलखत, डोक्याला शिंगं, आणि हातात तलवार हवीच. त्या तलवारी पूजा बनवते. आमच्या ओटीवर बसून. सकाळची भांडी आवरली की पदर खोचते, सुरीनं फोम कापते, गरम हवेच्या मशीननं तो वाकवते, वरून असा रंग देते की लांबून पोलादच वाटावं. काम चालू असताना त्या तलवारीशी बोलते, 'थांब गो जरा, वाळू दे तुला' असं. केसांत फोमचा भुसा, कोपरापर्यंत चंदेरी रंग, आणि त्याच अवतारात येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून 'या, बसा.' तिच्या वस्तू पुण्याला जातात, बेंगळुरूला जातात. रस्त्यावरून जाणारे गाड्या थांबवून फोटो काढतात.

तिच्यात काही खोट असती तर मला जरा बरं वाटलं असतं. पण भाकरी माझ्याहून पातळ थापते. सासूबाईंचे पाय न सांगता चेपते. माझ्याशी कधी वाकडं बोलत नाही. अशा बाईचा राग करायचा तर माणसाला फार मेहनत पडते, आणि ती मी नेमानं करत आले.

आता माझं सांगते. माझं माहेर शहापूर तालुक्यातलं. बाबा वस्ताद होते. लाठी, दांडपट्टा, तलवार, सगळं शिकवायचे. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून जे होतं ते मला दिलं. नुसती मूठ धरायला शिकवताना त्यांनी निरगुडीची काडी मारून मारून माझी बोटं लाल केली होती. एक अख्खा पावसाळा मी पडवीत फक्त मूठ धरून उभी राहिले, वार करायची परवानगीच नव्हती. पुढं शहापूरच्या मिरवणुकीत मी पुढं चालायचे तेव्हा माणसं बाजूला होऊन वाट द्यायची. लग्न झालं तेव्हा बाबांनी स्वतःची तलवार माझ्याबरोबर दिली. मी उंबरठा ओलांडून आत आले, ती तलवार सासूबाईंनी पाहिली आणि म्हणाल्या, "ठेव ती वर माळ्यावर." मी ठेवली. त्या दिवसापासून ती वर्षातून एकदा दसऱ्याला खाली येते. कोयता, विळा, नांगराचा फाळ यांच्या रांगेत बसून हळदकुंकू लावून घेते आणि परत वर जाते. बाबा गेले, तरी तिचं तेच. आणि ज्या घरात माझी खरी तलवार माळ्यावर धूळ खाते, त्याच घराच्या ओटीवर फोमच्या तलवारी दिमाखात उन्हाला वाळतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची ती याच्यामुळे.

संदेशचं लग्न ठरलं आणि माझ्या मनानं उचल खाल्ली. आमच्याकडे नवऱ्या मुलाला हळद लागली की त्याच्या हातात लोखंड द्यायचं. सुरी, कट्यार, तलवार, जे घरात असेल ते, टोकाला लिंबू खोचून. अक्षता पडेपर्यंत ते हातातून सुटता कामा नये. हळदीच्या अंगाला वाईट लवकर लागतं म्हणतात. मला वाटलं, आता बाबांच्या तलवारीची पाळी आली. नवऱ्या मुलाच्या हातात ती गावभर मिरवेल, आणि कुणीतरी विचारेल, ही कुणाची? मला तेवढंच हवं होतं. मी कुणाला बोलले मात्र नाही. घरात तलवार आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीतरी आपण होऊन म्हणेल, रेश्मा, तुझ्या बाबांची तलवार काढ, म्हणून मी वाट बघत बसले.

संदेशनं पूजाला विचारलं.

तो रात्रंदिवस मोबाइलवर जो खेळ खेळतो त्यातल्या राजकुमाराची तलवार त्याला हवी होती. पूजानं ओटीवर खडूनं तिचा आराखडा काढला. मी शेजारीच तांदूळ निवडत होते, आणि बघून मला राहवेना. पातं सुपाएवढं रुंद, मधोमध मोठं भोक. पाठीला करवतीसारखे दात. मुठीच्या दोन्ही बाजूंना पंख, आणि पंखांची टोकं मागं, धरणाऱ्याच्याच मनगटाकडे वळलेली. पात्याचं टोक सापाच्या जिभेसारखं दुभंगलेलं. शिवाय ती म्हणे पाठीला बांधायची आणि खांद्यावरून ओढून काढायची.

मी एकेक काढून दाखवलं. पाठीवरची एवढी लांब तलवार हात पुरा ताणला तरी म्यानातून बाहेर येत नाही, तोवर समोरचा जेवून हात धुवून घेईल. दात समोरच्याच्या कपड्यात अडकले की तू त्याच्याबरोबर ओढली जाणार. भोकापाशी पातं मोडणार. आणि पंखांची टोकं आधी तुझंच मनगट फाडणार, वैऱ्याला काही करायची गरजच नाही. खरी तलवार किलोभराची असते, अंगठ्याएवढी जाड कधी नसते, आणि तिचा तोल मुठीच्या जवळ असतो, म्हणून ती हाताचं ऐकते. मी बोलत गेले आणि पूजा खडू हातात धरून ऐकत राहिली. मधे मधे मान हलवत होती, त्याचाही मला राग आला.

"खरं हाय ताई," ती म्हणाली. "पण ही लढायला नाय, बघायला हाय. शेवटच्या रांगेतल्या माणसाला पन दिसायला पायजे का हा राजा हाय. दात बघून त्याला भ्या वाटलं म्हंजे झालं."

मी म्हटलं, मग मोरपीस दे त्याच्या हातात, तेही लांबून दिसतं. ती खळखळून हसली. मी काही हसवायला बोलले नव्हते.

तलवार झाली. ओटीवर टांगली तेव्हा पोरांची रांग लागली. मग सासूबाई बाहेर आल्या, बोटानं पातं दाबून बघितलं. बोट आत गेलं.

"हे लोखंड नाय," त्या म्हणाल्या. "हलदीला लोखंडच पायजे."

मला इतका आनंद झाला की मी तोंड लपवायला आत गेले. पाणी पिण्याच्या निमित्तानं चुलीपाशी उभी राहिले आणि माळ्याकडे बघितलं. आता हाक येईल, रेश्मे, वरची काढ. हाक आली नाही. बाहेर ओमकार म्हणत होता की त्यात काय, हीच तलवार लोखंडात करून घेऊ.

पूजा स्वतः लोहाराकडे टोकावड्याला गेली. लोहार म्हणे आधी हसला, पण तिनं समोर बसून एकेक गोष्ट विचारली, लोखंड कुठं वाकतं, कुठं तुटतं, आणि तोही रंगात आला. ट्रकचा जुना पाटा घेऊन त्यानं ती घडवली, दातांसकट, पंखांसकट. गाडीतून उतरवताना ओमकारनं ती दोन हातांनी, बाळंतिणीला धरावं तशी धरली होती. मी त्या दिवशी स्पष्ट सांगितलं की ही जड आहे, हळदीपासून अक्षतांपर्यंत हे पोर ही हातात धरू शकणार नाही. संदेशनं ऐकलंच नाही, तो आरशासमोर गेला होता. चंदरनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की तू जळतेस, ते सगळ्यांना दिसतंय, जरा गप बस. मी जळत होते हे खरंच होतं. तलवार जड होती हेही खरं होतं. पण जळणाऱ्या बाईच्या तोंडून आलेलं खरंही कुणाला पटत नाही, आणि माझी खात्री आहे की तेच वाक्य पूजा बोलली असती तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या.

हळदीच्या दिवशी मांडव भरला होता. धोंडीबाई धवलारीण लग्नाची गाणी म्हणायला बसली. आमच्या बाजूला तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही. संदेशला पाटावर बसवला, तलवार हातात दिली आणि पहिली अडचण आली. लिंबू कुठं खोचायचं? टोकं दोन. एका टोकाला खोचलं तर दुसरं रिकामं, म्हणजे अर्धीच राखण, असं कुणीतरी काढलं. मग दोन लिंबं खोचली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी पदर लावला नाही.

हळद लावायला पुढं गेलेल्या मामीच्या बांगड्या पंखात अडकल्या. आत्याला दंडापर्यंत हातच नेता येईना. संदेशनं थोडा वेळ तलवार उभी धरली, मग गुडघ्यावर टेकवली, मग खांद्यावर घेतली. दात नव्या सदऱ्यात रुतले, आणि खाली घेताना सदरा खांद्यापासून टरकला. तरी त्यानं दात ओठ खाऊन धरून ठेवली. एक मामा मागं बसून टोकाकडून आधार देत होता, म्हणजे नवरा एक आणि तलवार धरणारे दोन. संदेशचं मनगट थरथरताना मला चुलीपासून दिसत होतं. माझी नजर त्याच्या मनगटावरच होती, कारण माझ्याच शब्दांची ती पावती होती. पूजाही तिकडेच बघत होती आणि तिचा चेहरा उतरला होता. बघून माझ्या जिवाला थंडावा मिळाला, उगाच खोटं कशाला बोलू.

पुढं त्याला ओवाळायला उभं केलं. त्यानं उठताना तलवार पाटाला टेकून ठेवली आणि हात झटकला. एवढंच. पण धोंडीबाईचं गाणं मधेच थांबलं. तिचं गाणं मधेच थांबलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"हलदीचा नवरा," ती म्हणाली, "आन हात रिकामा?"

संदेशनं झटक्यात तलवार उचलायला वाकून हात घातला, तर पंखाचं टोक त्याच्या तळहातात घुसलं. रक्त फार आलं नाही, पण हळदीवर रक्त दिसलं की बायकांच्या छातीत धस्स होतं. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या तडक आत आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"वरची काढ," त्या म्हणाल्या.

ज्या शब्दांची मी इतकी वाट पाहिली ते असे आले, आग विझवायला घागर मागावी तसे. तरी मी माळ्यावर चढले. तलवार म्यानातून काढली, पदरानं पुसली, टोकाला एक लिंबू खोचलं. ते नीट बसलं. बाहेर नेऊन संदेशच्या हातात दिली. त्याच्या तळहाताला फडकं बांधलेलं होतं, तरी त्यानं ती धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"वैनी, ही तर हलकी हाय," तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं की ती हलकी नाही, तोलात आहे. धोंडीबाईनं गाणं सोडलं होतं तिथून पुन्हा उचललं.

म्हणजे मी जिंकले. बाबांची तलवार वरातीत गेली, अक्षता पडेपर्यंत हातात राहिली, एकदाही सुटली नाही. आणि एकाही माणसानं ती कुणाची म्हणून विचारलं नाही. कारण पूजाची ती धूड तलवार स्टेजवर नवरानवरीच्या खुर्च्यांमागं उभी केली होती, झेंडूच्या माळा घालून. आलेला प्रत्येक जण आधी तिच्याशेजारी उभा राहून फोटो काढत होता, मग आहेर देत होता. वैशाखऱ्याहून आलेल्या पाहुण्यांनी तर दोन लिंबंसुद्धा तशीच ठेवा म्हणून सांगितलं, फोटोत चांगली दिसतात. बाबांची तलवार नवऱ्याच्या हातात होती आणि कुणाला दिसत नव्हती. मी जेवले नाही त्या दिवशी. पित्त झालंय असं सांगितलं.

मंगलाष्टकं चालू असताना मात्र एक गोष्ट माझ्या नजरेत आली. सगळे नवरीकडे बघत होते आणि पूजा संदेशच्या हाताकडे बघत होती. तो तलवार या हातातून त्या हातात घेई तेव्हा तिची मान तिच्याबरोबर वळायची. मला वाटलं, आपली तलवार हरली म्हणून झुरतेय. झुरू दे, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी ओटीवर बाबांची तलवार तेल लावून पुसत बसले होते. परत माळ्यावर टाकायची तर पुसून टाकावी. सासूबाई दारात बसून मांडवातले उरलेले तांदूळ पाखडत होत्या. पूजा आली आणि माझ्याजवळ फरशीवर बसली. विचारायला लागली. पातं असंच का वाकवलंय? मुठीच्या शेवटी ही वाटी कशाला? मूठ एवढी तोकडी का, चार बोटं जेमतेम बसतात? मी आधी तुटक उत्तरं दिली. मग मला थांबता येईना. वाटी मनगटाला अडवते, म्हणून मनगट फिरवून वार करता येत नाही, वार खांद्यातून येतो आणि पातं ओढत न्यायचं असतं, म्हणून ते वाकलेलं. हे सगळं मी कित्येक वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"काल अख्ख्या लग्नात मी हीच बघत व्हते," पूजा म्हणाली. "ताई, मना शिकवाल?"

मी तेलाचं फडकं खाली आपटलं. दारात ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "या घरात सुना तलवार खेळत नायत."

सासूबाईंचं सूप थांबलं नाही. "कोन म्हनलं?"

"तुमी. मी आले त्या दिवशी. वर ठेव म्हनलात."

"म्हनले वर ठेव. घरात रांगतं पोर व्हतं तुझ्या नंदेचं, धार लागली असती त्याला." त्यांनी सुपातला खडा काढून अंगणात टाकला. "खेलू नको म्हनले व्हते काय? तू कधी मागितलीस गो?"

हे खरं होतं की आता सुचलेलं, देव जाणे. सासूबाईंना त्या वेळी काय म्हणायचं होतं ते विचारायची सोय नव्हती, आणि विचारलं असतं तरी त्यांनी हेच सांगितलं असतं. पण मी मागितली नव्हती, यात खोटं नव्हतं. इतकी वर्षं मी माळ्याकडे बघून दात खाल्ले, आणि ही बया येऊन बसली आणि एका वाक्यात मागून मोकळी झाली. ही अशीच आहे. लोहाराला विचारते, धवलारणीला विचारते, रस्त्यावरच्या माणसाला विचारते. हिला मागायची लाज वाटत नाही, म्हणून हिला सगळं मिळतं. मला तिचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता, वरातीतसुद्धा नाही.

"दे तिला हातात," सासूबाई म्हणाल्या.

मी दिली. मनात म्हटलं, धर आता, कळू दे तुला किती पाण्यात आहेस ते. पूजानं हात साडीला पुसले आणि मूठ धरली. बोटं आपापल्या जागी गेली. पहिलं बोट तिनं मुठीपुढच्या आडव्या परजेवरून पुढं घेऊन खाली वळवलं, जे करायला लावायला बाबांनी माझ्यावर किती काड्या मोडल्या ते मला ठाऊक. एवढ्या मुठी हातानं घडवल्यात, बोटांना आपसूक कळलं असेल. वाटी मनगटाला बरोबर टेकली. खांदा सैल. पातं जरासुद्धा हललं नाही.

मी उठून तिच्याभोवती एक फेरी मारली. पाय बघितले, मनगट बघितलं, हनुवटी बघितली. एखादी तरी चूक असेल म्हणून परत एक फेरी मारली. ती न हलता उभी होती, आणि बाबा असते तर हिच्यापुढं काडी खाली टाकून उभे राहिले असते, हे मला दिसत होतं.

"बरोबर हाय काय, ताई?" तिनं विचारलं.

"कोपर खाली घे," मी म्हणाले.

कोपर खालीच होतं.